‘वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट’: काम देणारा गुत्ता आणि बुडालेली मजुरी

(‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजे डीअँडडी, या पात्रं घेऊन फाशांनी गोष्ट खेळायच्या खेळातलं हे साहस, म्हणजे तयार कथानकाचं पुस्तक, खेळाडू म्हणून खेळायचं असेल तर पुढे वाचू नका. हे परीक्षण डीएमसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या ‘डंजन मास्टर’साठी आहे आणि त्यात कथानक उघड केलं आहे.)

“तुम्ही सगळे एका टॅव्हर्नमध्ये बसला आहात. कोपऱ्यातला डोक्यावर टोप ओढलेला म्हातारा तुम्हाला खुणावतो...” डीअँडडीमधली ही सुरुवात इतकी वापरून झालीय की अनेक डीएम टॅव्हर्नच, म्हणजे गुत्ताच, टाळतात. यात टॅव्हर्नचा काही दोष नाही. त्या म्हाताऱ्याने याच चौघांना का बोलवावं, याचं उत्तर कोणी तयार ठेवत नाही, तिथे गाडी अडते. २०१८ साली विझर्ड्स ऑफ द कोस्टने काढलेल्या या पाचव्या आवृत्तीच्या साहसाचं पहिलं प्रकरण वाचावं ते त्या उत्तरासाठी. पहिल्या ते पाचव्या लेव्हलच्या, म्हणजे अजून कमी ताकदीच्या, पात्रांचं हे साहस सगळं एकाच शहरात, वॉटरडीपमध्ये घडतं आणि सुरू होतं ते ‘याउनिंग पोर्टल’ या गुत्त्यात.

या गुत्त्याच्या मधोमध एक विहीर आहे. तोंड ४० फूट रुंद, खोली १४० फूट आणि तळाशी अंडरमाउंटन हा अवाढव्य भुयारी चक्रव्यूह. दोराने खाली उतरायला एक सोन्याचं नाणं, वर यायला आणखी एक. मालक डर्नन स्वतः जुना साहसवीर. एवढ्या चार गोष्टींत बरंच काही साधलंय. साहसवीर इथेच का जमतात, त्यांना कामाला लावणारे इथेच का येतात, मालक कशावर जगतो, सगळं त्या विहिरीभोवती आपोआप जुळतं. वर यायलाही पैसे पडतात हे ऐकल्यावर ‘आपल्याकडे दोन नाणी आहेत ना?’ असं खेळाडू एकमेकांना विचारू लागतात. स्वतःचा गुत्ता रचणाऱ्याने इथून शिकावं: आधी तिथे येण्याचं कारण ठरवा, मेन्यू आणि मालकाची दाढी नंतर.

घटनांचा क्रमही नेमका आहे. यागरा ही झेंटारिम या गुप्त संघटनेची भाडोत्री लढवय्यी (अर्धी माणूस, अर्धी ऑर्क) आणि विरोधी झानाथार टोळीचे पाच गुंड यांच्यात हाणामारी होते. ती निवळते तोच विहिरीतून एक ट्रोल वर चढतो, अंगाला स्टर्ज, म्हणजे रक्त पिणारे उडते जीव, चिकटलेले. आणि हे सगळं पाहून झाल्यावर प्रवासवर्णनकार वोलो टेबलाशी येतो. या चौघांनी काय केलं ते त्याने पाहिलंय, म्हणून तो यांनाच विचारतो. काम: फ्लून नावाचा हरवलेला मित्र शोधा. माणशी १० ड्रॅगन आगाऊ, काम झाल्यावर १००. (वॉटरडीपमध्ये सोन्याच्या नाण्यालाच ड्रॅगन म्हणतात. पुस्तकाच्या नावातला ड्रॅगनही तोच.)

चालवताना तीन ठिकाणी घसरायला होतं.

पहिलं, हाणामारीत कोणीतरी थेट तलवार उपसतो. वॉटरडीपला लिखित कायदा आहे, शिक्षा कडक आहेत आणि त्या पुस्तकात दिल्यात. ते पान खेळाडूंच्या हातात आधीच ठेवा. शिवाय आठवण करून द्या की जवळून मारलेल्या घावाने शून्य हिट पॉइंट्स (पात्रात किती जीव उरला ते मोजणारे गुण) झाले तर मारणाऱ्याला जीव न घेता फक्त बेशुद्ध करता येतं. नवख्यांना हा नियम माहीत नसतो आणि पहिल्याच रात्री खून पडतो.

दुसरं, ट्रोल. त्याचे ८४ हिट पॉइंट्स, दर फेरीला १० भरून येणार, आग किंवा ॲसिड लागल्याशिवाय भरणं थांबत नाही. तो डर्ननच्या वाट्याचा आहे. इथे अनेक डीएम दोन्ही बाजूंचे फासे स्वतःच टाकत बसतात आणि खेळाडू मोबाइल काढतात. डर्ननसाठी फासे टाकूच नका. दर फेरीला त्याचा एक घाव एका वाक्यात सांगा आणि शेवटी ‘तेल आणा, मशाल आणा’ असं त्याला ओरडू द्या. खेळाडूंचं काम स्टर्जशी. स्टर्जचे हिट पॉइंट्स दोनच, पण डंख सरासरी ५ चा. आणि तो चिकटून राहतो, पुढच्या प्रत्येक फेरीला तेवढंच रक्त ओढतो. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे जेमतेम सात-आठ हिट पॉइंट्स. चिकटलेला स्टर्ज एक ॲक्शन (आपल्या पाळीतली कृती) खर्चून उपटता येतो, हे चिकटताक्षणी सांगा.

तिसरं सर्वांत धोक्याचं आहे आणि ते गुत्त्याबाहेर आहे. फ्लूनचा माग डॉक वॉर्डातल्या ‘स्क्यूअर्ड ड्रॅगन’ या कळकट गुत्त्यातून गोदामात आणि तिथून गटारातल्या अड्ड्यात जातो. तिथे इंटलेक्ट डिव्हाउरर हा बुद्धी खाणारा प्राणी आहे. इंटेलिजन्सचा १२ चा सेव्ह (वीस बाजूंचा फासा टाकून, बुद्धीचा अधिक-उणा धरून, १२ गाठणं) चुकला की ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, टाकायचे. बेरीज तुमच्या इंटेलिजन्सइतकी किंवा जास्त आली तर बुद्धी शून्यावर. इंटेलिजन्स ८ असलेल्या फायटरचा सेव्ह ६० टक्के वेळा चुकतो आणि चुकल्यावर बेरीज ८ किंवा वर येण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के. म्हणजे दर हल्ल्याला निम्मी शक्यता की खेळाडू बाद, आणि त्यावरचा उपाय, ग्रेटर रिस्टोरेशन, पाचव्या पातळीचा मंत्र. पहिल्या लेव्हलला ही शिक्षा अवाजवी आहे. तो प्राणी काढून दोन साधे गुंड टाका, कथेचं काही बिघडत नाही.

आता मजुरी. फ्लून सापडला की वोलोकडे पैसे नसतात. बदल्यात तो ट्रोलस्कल मॅनर या बंद पडलेल्या गुत्त्याचं मालकीपत्र देतो. कल्पना सुरेख आहे: गुत्त्यात काम शोधणारे आता गुत्त्याचे मालक. पण हिशेब करून पाहा. चौघांकडे आगाऊचे ४० ड्रॅगन, आणि दुरुस्ती व गिल्डची (व्यावसायिकांच्या संघांची) देणी मिळून खर्च १,२५० च्या आसपास. वर दर दहा दिवसांच्या आठवड्याला ६०. पुस्तक हा खड्डा दाखवतं, भरायचा कसा ते नीट सांगत नाही. खेळाडूंना फसवल्यासारखं वाटतं आणि मॅनर विकायची भाषा सुरू होते. सोपा तोडगा असा: वोलोने १०० ऐवजी माणशी २५ रोख द्यावेत आणि उरलेल्याच्या बदल्यात घर. मग गिल्डनाच कामं द्यायला लावा. सुतारांचा चोरीला गेलेला माल शोधला की छप्पर अर्ध्या खर्चात, खाटकांची उधारी वसूल केली की महिनाभराचं मटण. दुरुस्तीची प्रत्येक पायरी एक छोटं काम होते.

हे करावंच लागतं, कारण दुसरं प्रकरण कच्चं आहे. वेगवेगळ्या संघटना लेव्हलनुसार कामं देतात, पण ती चार ओळींची आणि एकमेकांशी न जुळणारी. याउनिंग पोर्टलमधल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना इथे परत वापरायला हवं होतं. अंडरमाउंटनमधून जादूच्या वस्तू आणून देणाऱ्यांना पैसे पुरवणारी ओबाया उदय किंवा झेंटारिमचा गोडबोल्या दाविल स्टारसाँग, दोघंही आयते काम देणारे. त्यांना पहिल्याच सेशनला एकेका कॅरेक्टरच्या ओळखीचं करून ठेवा. एकूण तिघांपेक्षा जास्त चेहरे मात्र नकोत, नावं लक्षात राहत नाहीत.

पुढच्या भागाबद्दल थोडक्यात: चार खलनायक, प्रत्येकाचा वेगळा ऋतू, त्यातला एकच निवडायचा. त्यामुळे पुस्तकाचा मोठा भाग न वापरता राहतो. पाच लाख ड्रॅगनचा खजिना आहे, पण नावात असलेली आखीव चोरी (‘हाइस्ट’) त्यात नाही. त्या आशेने घेणाऱ्यांची निराशा होईल. शहर आणि गुत्ता यांसाठी घेणाऱ्यांचे पैसे वसूल आहेत.

ट्रोलस्कलमध्ये लिफ नावाच्या जुन्या मालकाचं भूत आहे, गुत्ता पुन्हा सुरू व्हावा एवढीच त्याची इच्छा. त्याला लगेच समोर आणू नका. पहिल्या रात्री खेळाडू झोपल्यावर धुळीने माखलेल्या बारवर चार पेले स्वच्छ पुसून, उलटे मांडून ठेवा. विकायची भाषा बहुतेक वेळा तिथेच थांबते.