लुआंटीचा घरगुती सर्व्हर: नवी फंक्शनं आणि सर्व्हरचा दम (काही महिन्यांच्या वापरानंतर)

मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापुरात घरीच लुआंटीचा, म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळाचा, सर्व्हर चालू केला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी रोज संध्याकाळी तो अजून भरतो. खेळणारी पोरं-पोरी शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, राजारामपुरी इथली, पाचवी ते दहावीतली. त्यातली काही आता स्वतः लुआ भाषेत स्क्रिप्ट लिहितात आणि "सर, हे आपल्या सर्व्हरवर टाका की" म्हणून मागे लागतात. माझ्यासारखा सर्व्हर ज्याला चालवायचाय आणि नव्या आवृत्तीतली फंक्शनं बघून ज्याचे हात शिवशिवतात, त्याच्यासाठी हे लिहितोय. खेळ कसा दिसतो, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी स्क्रिप्ट आणि लॅग (सर्व्हर मागे पडून खेळ अडखळणं) यांच्यापुरतंच बोलणार आहे.

लुआंटी म्हणजे पूर्वीचं माइनटेस्ट. पेर्त्तू आहोला यांनी 2010 मध्ये ते सुरू केलं, आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये नाव बदललं. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, जुन्या लॅपटॉपवर आणि साध्या अँड्रॉइड फोनवरही चालतं. इंजिन सी++ भाषेतलं, पण खेळाचे नियम, ठोकळे, प्राणी, दारं, सगळं लुआमध्ये लिहिलेलं. म्हणजे दहावीतल्या पोराने लिहिलेली स्क्रिप्ट आणि मूळ खेळाची स्क्रिप्ट एकाच पंगतीला बसतात. हीच त्याची ताकद, आणि अडचणीही इथूनच सुरू होतात.

सर्व्हर ठरावीक अंतराने एक पाऊल टाकतो, म्हणजे खेळातल्या जगाचा हिशोब एकदा पुढे नेतो. मूळ सेटिंगमध्ये हे अंतर 0.09 सेकंद असतं, म्हणजे सेकंदाला साधारण 11 पावलं. त्या एका पावलात सगळ्या मॉडच्या (खेळात घातलेल्या जोडण्यांच्या) स्क्रिप्ट एकामागून एक, एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेत चालतात. नवी जमीन तयार करणं आणि नेटवर्क यांना वेगळे थ्रेड आहेत, पण लुआचा मुख्य भाग तालमीतल्या आखाड्यासारखा आहे: पैलवान कितीही जमले तरी एका वेळी एकच जोड लागते. एखादी स्क्रिप्ट रेंगाळली की पाऊल लांबतं आणि सगळ्यांना एकदम जाणवतं. गंमत अशी की चालणं-पळणं खेळाडूच्याच मशीनवर ठरतं, त्यामुळे ते सुरळीत दिसत राहतं. अडकतं ते बाकीचं. पेटी उघडत नाही, फोडलेला ठोकळा हातात यायला वेळ लावतो. मग चॅटमध्ये लगेच येतं, "सर, दार उघडंना झालंय!" स्टेटस कमांड दिली की "मॅक्स लॅग" दिसतो. तो 0.1 च्या आसपास असला की मी निवांत असतो. अर्ध्या सेकंदाच्या वर गेला की कुठली स्क्रिप्ट खातेय ते शोधायला लागतो.

पहिला मोठा धडा मिळाला तो दिवाळीच्या किल्ल्यात. 2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपला पन्हाळा आहे. त्यामुळे यंदा अंगणात मातीचा आणि सर्व्हरवर ठोकळ्यांचा, दोन्हीकडे पन्हाळाच करायचा असं पोरांनी ठरवलं. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंधार बाव, अंबरखान्याची गंगा-यमुना-सरस्वती ही तिन्ही कोठारं, सगळं बांधलं. बांधकामाचा सर्व्हरवर काही भार नाही. ठोकळा एकदा ठेवला की डेटाबेसमध्ये जाऊन गप्प पडतो. भार आला मावळ्यांचा.

एका मुलाने पहारा देणारे मावळे लिहिले. कल्पना सुंदर होती: जवळ कुणी आलं की मावळा वळून बघतो, ओळखीचा नसेल तर भाला रोखतो. गडावर 40 मावळे उभे केले. प्रत्येक मावळ्याचं "ऑन स्टेप" फंक्शन दर पावलाला चालतं, म्हणजे सगळ्यांचं मिळून सेकंदाला साधारण 440 वेळा, आणि प्रत्येक वेळी तो "माझ्या दहा ठोकळ्यांच्या परिघात कोण कोण आहे" असं इंजिनला विचारत होता. इंजिन ते झटकन शोधतं, पण उत्तराची यादी सी++ मधून लुआत आणताना प्रत्येक वेळी नवी टेबल (लुआतली यादी) तयार होते आणि मागाहून तो कचरा साफ करण्यातही वेळ जातो. शिवाय मावळे एकमेकांच्याच परिघात, म्हणजे याद्याही लांबलचक.

उपाय साधा होता. प्रत्येक मावळ्याने वेळ साठवत जायचं आणि सेकंदातून एकदाच विचारायचं. सुरुवातीची वेळ प्रत्येकाची वेगळी, म्हणजे सगळे एकाच पावलात विचारायला येत नाहीत. 440 चे 40 झाले आणि खेळणाऱ्यांना फरक कळलाही नाही. माणूस दिसल्यावर पहारेकऱ्याला वळायला सेकंदभर लागला तर ते उलट खरंच वाटतं.

त्याच मावळ्यांना नंतर गस्त घालायची होती. त्यासाठी वाट शोधण्याचं तयार फंक्शन आहे: इथून तिथे जायचंय असं सांगितलं की मधल्या ठोकळ्यांची यादी मिळते. जवळच्या अंतराला ते चांगलं आहे. पण तीन दरवाजापासून अंबरखान्यापर्यंत वाट मागितली, तर उत्तर सापडेपर्यंत ते पाऊल तिथेच थांबतं आणि सोबत सगळा गड थांबतो. मी ते फंक्शन लांबच्या अंतरासाठी बंद ठेवलं. त्याऐवजी पोरांनी गस्तीच्या वाटेवर स्वतः खुणेचे ठोकळे ठेवले आणि मावळा एका खुणेकडून दुसरीकडे जातो. सहावीतल्या एका मुलीने त्या खुणांचा नकाशा वहीत काढून आणला होता. यंत्राकडून दर वेळी शोधून घ्यायची गोष्ट माणसाने एकदा ठरवून दिली, आणि गस्तही गडाच्या खऱ्या वाटांनी व्हायला लागली.

यातून माझं एक मत पक्कं झालं. नवं फंक्शन किती करामती आहे हे मी आता दुसऱ्यांदा बघतो. आधी विचारतो की ते सेकंदाला किती वेळा चालणार, किती ठिकाणी चालणार आणि काम कुणाच्या मशीनवर होणार.

एबीएम हे याचं चांगलं उदाहरण. ठरावीक प्रकारच्या ठोकळ्यांवर ठरावीक अंतराने आपली स्क्रिप्ट चालवणारी ही सोय. कुणीतरी पावसाळ्यात गवत हिरवं करणारा एबीएम आणला: दर सेकंदाला, प्रत्येक गवताच्या ठोकळ्यावर, शंभर टक्के शक्यतेने. आता एका खेळाडूभोवती चारी बाजूंना चार-चार मॅपब्लॉकपर्यंतचा (मॅपब्लॉक म्हणजे 16 ठोकळे लांब, रुंद आणि उंच असा नकाशाचा तुकडा) भाग जागा असतो, आणि एका मॅपब्लॉकच्या पृष्ठभागावर 16 गुणिले 16, म्हणजे 256 ठोकळे मावतात. मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या एका खेळाडूपायी सेकंदाला दहा हजारांवर हाका. इंजिनने इथे लगाम ठेवलाय, एबीएमना त्यांच्या अंतराच्या 20 टक्केच वेळ मिळतो आणि उरलेले ब्लॉक त्या फेरीत वगळले जातात. त्यामुळे सर्व्हर पडला नाही, पण गवत ठिगळाठिगळांनी हिरवं झालं. हेच काम एलबीएमने, म्हणजे मॅपब्लॉक जागा होताना एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्टने केलं, आणि प्रश्न मिटला. ऋतू काही सेकंदाला बदलत नाही.

मशालींची ज्योत तर सर्व्हरपर्यंत आणायचीच गरज नव्हती. हलतं टेक्स्चर (वरचं चित्र) असलेला साधा ठोकळा ठेवला की ज्योत खेळाडूच्या मशीनवर हलते. धुरासाठी पार्टिकल स्पॉनर आहे. सर्व्हर एकदाच सांगतो, कण काढायचं काम समोरच्या फोनचं.

आता पुराबद्दल, कारण माझ्या मते या सगळ्या महिन्यांत झालेलं सगळ्यात मोलाचं काम तेच. जुलैत पंचगंगा चढायला लागली की इथे घराघरांत राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे आकडे लहान पोरांनाही पाठ. 2019 चा पूर तर मोठ्या मुलांनी डोळ्यांनी बघितलेला. त्यांना सर्व्हरवर नदीकाठ करून पाणी चढताना कुठला रस्ता आधी बंद होतो ते दाखवायचं होतं. एक ठोकळा म्हणजे एक फूट, आणि मैदान 256 गुणिले 256.

लुआंटीचं नेहमीचं पाणी यासाठी चालत नाही. ते स्वतःहून पसरतं. प्रत्येक पाण्याचा ठोकळा बदलला की शेजारचे रांगेत लागतात, आणि एक फुटाच्या थरात 65,536 ठोकळे आहेत. शिवाय एकेक ठोकळा बदलणारं फंक्शन दर वेळी प्रकाशाचा हिशोब नव्याने करतं. पोरांनी आधी तसंच करून बघितलं, आणि पूर यायच्या आधी लॅग आला.

इथे एका नव्या गुणधर्माने काम सोपं केलं. पूर्वी पोहता येण्यासाठी ठोकळा खरा द्रवच असावा लागायचा. आता द्रवाची हालचाल आणि द्रवाचं पसरणं वेगवेगळं मागता येतं. ठोकळ्याचा प्रकार द्रव नाही असं सांगायचं, पण त्यात पोहण्याचे नियम चालू ठेवायचे आणि अडथळा किती तेही द्यायचं. म्हणजे दिसायला पुराचं पाणी, माणूस त्यात पोहतो, पाय ओढले जातात, आणि सर्व्हरच्या दृष्टीने मात्र तो दगडाइतका शांत. अशी फंक्शनं मला मनापासून आवडतात. ती क्षमता वाढवतात आणि पावलावरचा भार कमी करतात.

पाणी चढवायला व्हॉक्सेल मॅनिप वापरलं. त्यात एक मोठा तुकडा एकदम वाचायचा, लुआच्या ॲरेमध्ये (आकड्यांच्या यादीत) बदलायचा आणि एकदम परत लिहायचा. पण तो पूर्ण मॅपब्लॉकच वाचतो, म्हणजे एक फुटाचा थर बदलायलाही 16 ठोकळ्यांची उंची हातात घ्यावी लागते. सगळं मैदान एका वेळी घेतलं तर दहा लाखांवर आकडे होतात आणि पाऊल लांबतंच. म्हणून 64 गुणिले 64 चे 16 तुकडे केले, थोड्या-थोड्या अंतराने एकेक तुकडा. वाचनाचा ॲरे दर वेळी नवा न करता तोच परत वापरला. पाण्याच्या ठोकळ्यातून ऊन जसंच्या तसं जाऊ दिलं, म्हणजे लिहिताना प्रकाश पुन्हा मोजायला नको.

एक गोष्ट स्क्रिप्टमध्ये दिसत नाही: बदललेला प्रत्येक मॅपब्लॉक जवळच्या खेळाडूंना परत पाठवावा लागतो. मोबाइल नेटवर खेळणाऱ्यांना ते जड जातं. त्यामुळे एक फूट चढल्यावर थोडं थांबायचं, मग पुढचं. 39 पासून 43 पर्यंत चार थर, दर थराला चॅटमध्ये पातळी, आणि पोरं आपापल्या घराच्या ठोकळ्यावर उभी राहून बघत होती.

दुसरीकडे काय करतात हेही बघण्यासारखं आहे. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात एकाच सर्व्हरवर अनोळखी लोकांच्या स्क्रिप्ट शेजारी-शेजारी चालतात, म्हणून तिथे कित्येक फंक्शनांना सक्तीची झोप लावलेली आहे. वस्तू हलवणारं साधं फंक्शन वापरलं की स्क्रिप्ट 0.2 सेकंद थांबते, ईमेल पाठवला की 20 सेकंद. मोनोवर (स्क्रिप्ट चालवणाऱ्या तिथल्या यंत्रणेवर) चालणाऱ्या स्क्रिप्टला मेमरी 64 केबी. ओपनसिम्युलेटर या तशाच मुक्त स्रोत सर्व्हरमध्ये जादा फंक्शनांना धोक्याची पातळी असते आणि कुठपर्यंतची चालू ठेवायची ते मालक ठरवतो. लुआंटीत अशी झोप नाही. मॉड टाकला की त्याच्यावर विश्वास टाकला. घरच्या सर्व्हरला मला हीच पद्धत बरी वाटते, कारण झोप लावलेली फंक्शनं पोरांना काही शिकवत नाहीत, ती फक्त अडवतात. पण मग नजर ठेवायचं काम मालकाचं. प्रोफायलर चालू करून कुठला मॉड किती वेळ घेतो ते आठवड्यातून एकदा बघायचंच.

वेगळ्या थ्रेडवर काम पाठवायची सोयही आता आहे. दिवाळीत कुणाच्या वाट्याच्या जागेत किती आणि कसले ठोकळे लागले, ते मोजायला ती वापरली. त्या थ्रेडला नकाशाला हात लावता येत नाही, माहिती आपणच द्यायची, आणि देताना तिची नक्कल होते. त्यामुळे मोजणी मोठी असेल तरच परवडतं.

मशीनबद्दल थोडक्यात: सुरुवातीला भाड्याचा स्वस्त सर्व्हर घेतला होता. प्रोसेसरचे कोअर चार, पण त्याच मशीनवरच्या इतर भाडेकरूंबरोबर वाटलेले, आणि संध्याकाळी पाऊल लांबायचं. आता घरचा सेकंड हँड डेस्कटॉप आहे, एसएसडी आणि इन्व्हर्टरसह. लुआंटीला एकाच कोअरचा वेग लागतो, कोअरची संख्या फारशी कामाला येत नाही. मराठी लिहायचं असेल तर मात्र अडचण आहे. देवनागरीतली जोडाक्षरं आणि मात्रा नीट बसत नाहीत, त्यामुळे पाट्यांवर पोरांना रोमन लिपीत लिहावं लागतं. इतर कुठल्याही नव्या फंक्शनापेक्षा मला हे दुरुस्त झालेलं बघायला आवडेल.

सध्या मागणी तोफांची आहे. गोळा उडणार, बुरुजाचे ठोकळे उडणार, आणि तेही दोन्ही बाजूंनी एकदम. गोळ्याची वाट आधीच गणिताने काढून फक्त आदळण्याच्या क्षणी नकाशा तपासायचा, असं दहावीतल्या पोराचं म्हणणं आहे आणि ते मला पटतंय. गडाची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर ठेवलीय. तिथे सगळे मावळे गस्तीवर असताना आठ तोफा एकदम उडवून पाऊल 0.09 च्या आत राहिलं, तरच त्या पन्हाळ्यावर चढतील.