आजोबांची गॅसबत्ती: आठ महिने वापरल्यानंतर

इंदूरच्या रामबागेतलं माहेरचं घर रिकामं करताना माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली गॅसबत्ती सापडली. आजोबा हुकुमचंद कापड मिलमध्ये होते आणि अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांच्या (सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री ही बत्ती घेऊन निघायचे, एवढं आईकडून ऐकलेलं. १९९१मध्ये मिल बंद पडली, त्यानंतर बत्तीला कुणी हात लावला नव्हता. दादा म्हणाला, "तुला हवी तर ने, नाहीतर भंगारात जाईल." मी इंदूरमध्येच राजेंद्र नगरला माझ्या घरी घेऊन आले. गेल्या ऑक्टोबरपासून ती आमच्या सिमरोळच्या शेतावर दर आठवड्याला एक-दोनदा पेटते. शोभेला ठेवलेली नाही, रात्री पाणी फिरवायला वापरतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते.

आधी ती चालते कशी ते सांगते, कारण हे कळलं नाही तर पुढचं काहीच जमत नाही. कंदिलात वात घासलेट ओढते आणि ज्योत उजेड देते. (इंदूरमध्ये आम्ही रॉकेल म्हणत नाही, घासलेटच म्हणतो.) गॅसबत्तीत वात नाही. खालच्या टाकीत पंपाने हवा भरायची, त्या दाबाने घासलेट बारीक पितळी नळीतून वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, ती वाफ केसाएवढ्या छिद्रातून सुटते, वाटेत हवा ओढून घेते आणि मेंटलमध्ये, म्हणजे वर बांधलेल्या विणीच्या छोट्या पिशवीत, जळते. उजेड ज्योतीचा नसतो, तापून पांढऱ्या झालेल्या मेंटलचा असतो. आणि मेंटलच्याच उष्णतेने नळी तापलेली राहते. म्हणजे एकदा लागली की ती स्वतःची वाफ स्वतः करते. प्रश्न फक्त सुरुवातीचा. नळी थंड असताना पहिली वाफ कुठून आणायची?

त्यासाठी नळीच्या पायथ्याशी एक छोटी वाटी असते. तिच्यात स्पिरिट ओतून पेटवायचं आणि नळी तापवायची. आठ महिन्यांत मी जे शिकले त्यातलं निम्म्याहून जास्त या वाटीभर स्पिरिटबद्दल आहे.

पहिल्या रात्री मी घाई केली. स्पिरिट अजून जळत होतं, मला वाटलं पुरे झालं, आणि पंप मारायला लागले. नळी पुरती तापली नव्हती. वाफेऐवजी पातळ घासलेटच वर आलं आणि काचेच्या वर हातभर पिवळा भडका उडाला. काजळीने काच काळी, मेंटल काळं. बाबा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावरून ओरडले, "हवा सोड आधी, हवा सोड!" टाकीच्या झाकणावर दाब सोडायचा छोटा स्क्रू असतो. तो सैल केला, फस्स करून हवा गेली आणि भडका बसला. ज्याला ही बत्ती वापरायची आहे त्याने पेटवायच्या आधी तो स्क्रू अंधारात चाचपून सापडतो का, ते पाहावं. भडका उडाल्यावर शोधत बसायला वेळ नसतो.

आता माझी पद्धत ठरली आहे. टाकी पाऊण भरायची, वर हवेला जागा राहिलीच पाहिजे. स्क्रू उघडा ठेवूनच वाटी भरून स्पिरिट पेटवायचं. दिवसाउजेडी स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही, म्हणून हात वरून नेऊन बघायचं नाही, ऊब बाजूनेच लागते. वाटी संपत आली, ज्योत लपलपायला लागली की स्क्रू बंद करायचा आणि पंधरा-वीस हलके पंप. आधी एक कोरडी खोकल्यासारखी फुरफुर येते, मग मेंटलच्या खालच्या टोकाला निळसर छटा, आणि मग ते सगळं एकदम फुलून पांढरं होतं. त्यानंतरच काट्याच्या लाल रेघेपर्यंत दाब भरायचा. जानेवारीत मला दोन वाट्या स्पिरिट लागलं, मे महिन्यात एक पुरली. दुसरी वाटी ओतताना पहिली पूर्ण विझलेली आहे याची खात्री करा, जळत्या वाटीत बाटलीतून स्पिरिट कधीच ओतू नका. स्पिरिट मला रंगाच्या दुकानात मिळतं, पॉलिशवाले वापरतात तेच.

बत्ती चालू स्थितीत आणायलाच तीन आठवडे गेले. मल्हारगंजच्या एका गल्लीत स्टोव्ह दुरुस्त करणारे चाचा आहेत. त्यांनी बत्ती हातात घेऊन हलवली, कानाशी नेली आणि म्हणाले, "टंकी अच्छी है बिटिया, बाकी सब बदल जाएगा." तसंच झालं. पंपाचा चामडी वायसर (वॉशर) सुकून टणक झाला होता, झाकणाचं रबर तडकलं होतं, पंपाच्या तळाशी हवा परत येऊ नये म्हणून जी झडप असते तिचं रबर गेलं होतं, आणि नळीत कार्बन बसला होता. चाचांनी टाकीत हवा भरून ती बादलीतल्या पाण्यात बुडवली आणि जोडांवर बुडबुडे येतात का ते बघितलं. झडपेपाशी एक-एक बुडबुडा निघत होता. ती बदलल्यावर पुन्हा बुडवली. जुनी बत्ती मिळाली तर ही परीक्षा आगीजवळ नेण्याआधीच करा. शिवणीपाशी कुठे घासलेट झिरपत असेल किंवा टाकीला डाग दिलेला असेल तर ती पेटवायच्या भानगडीत पडू नका.

चामडी वायसरबद्दल एक गोष्ट स्वतः चुकून कळली. मी त्याला घरातलं खोबरेल लावलं. नोव्हेंबरपर्यंत उत्तम चाललं. डिसेंबरात शेतावर थंडी वाढली आणि पंप पोकळ चालायला लागला, दांडा खाली जातो पण हवा भरत नाही. झडप पुन्हा गेली असं समजून मी सगळं उघडलं. वायसरवर पांढरा, साखळलेला खोबरेलाचा थर होता आणि चामड्याची कड आखडून नळीच्या भिंतीपासून सुटली होती. गरम पाण्याच्या पातेल्याजवळ धरून थर पुसला, शिलाई मशीनचं तेल लावलं, बोटाने कड जरा बाहेर पसरवली. पहिल्याच दाबाला हाताला अटकाव जाणवला. तेव्हापासून महिन्याला दोन थेंब, आणि पंपाची तक्रार नाही.

मेंटलने सगळ्यात जास्त पैसे खाल्ले आणि सगळ्यात जास्त शिकवलं. नवं मेंटल म्हणजे मऊ विणलेली पिशवी. ती चिनी मातीच्या नोझलवर चुण्या सारख्या पसरवून बांधायची आणि दोऱ्याची टोकं आखूड कापायची. एका बाजूला चुण्या जास्त झाल्या की तिथे ते नीट फुगत नाही आणि काळा पट्टा राहतो. पहिल्यांदा पेटवल्यावर कापड जळून जातं आणि उरते ती राख, तिचाच उजेड. बोट लागलं तर तुटते. गाडीतून नेली तर सिमरोळच्या वाटेवरच्या खड्ड्यांत तुटते, म्हणून मी आता शेतावर पोहोचल्यावरच नवं बांधते आणि बत्ती तिथेच ठेवते. आठ महिन्यांत सात मेंटलं लागली. त्यातली तीन एकाच दुकानातून स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली, तिन्हींची वीण विरळ, दोन-दोन रात्रींत खाली भोक. भोक पडलेलं मेंटल चालवू नका. त्यातून ज्योतीची धार सरळ काचेवर जाते. आमची एक काच तशीच तडकली, संध्याकाळी आठ वाजता, टण्ण असा आवाज होऊन.

आजोबांच्या डब्यात मेंटलची दोन जुनी पाकिटं होती. ती मी वापरली नाहीत. मेंटलला उजेड देणारी जुनी कृती ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखची, सुमारे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. थोरियम किरणोत्सर्गी आहे. आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूतलं मोनाझाइट, म्हणजे थोरियम असलेलं खनिज, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कामासाठी परदेशी जात असे. पाकीट हातात धरल्याने काही होत नाही, पण तुटलेल्या मेंटलची भुकटी नाकात जाता कामा नये. नव्या मेंटलांत बहुधा थोरियमऐवजी यिट्रियम असतं, तरी मी कुठल्याच मेंटलची राख फुंकून साफ करत नाही. ओल्या कागदाने टिपते, आणि पहिली पेटवण नेहमी उघड्यावर करते.

छिद्र साफ करायची सुई आतच असते, बाहेरचं चाक फिरवलं की ती छिद्रातून वर येऊन कचरा ढकलते. उजेड मंदावला, दाब मात्र लाल रेघेवर आहे, असं झालं की चाक एकदा झटकन फिरवायचं. एवढ्यानेच दहापैकी आठ वेळा काम होतं. मार्चमध्ये होईना. वर काढून पाहिलं तर सुईचं टोक वाकलेलं. हल्ली मी घासलेट जुन्या मलमलीच्या दोन पदरांतून गाळून भरते आणि तेव्हापासून चाक फिरवायची वेळ क्वचित येते. डब्याच्या तळाचं शेवटचं बोटभर घासलेट बत्तीत घालतच नाही.

उजेडाबद्दल विचाराल तर बांधाच्या या टोकाला टांगली की दहा पावलांवर पेपर वाचता येतो आणि लसणाच्या वाफ्यात पाणी कुठवर आलं ते उभ्याने दिसतं. एक लिटरची टाकी संध्याकाळपासून पहाटेच्या थंडीपर्यंत पुरते, मध्ये तासा-दीड तासाने थोडे पंप मारावे लागतात. सूं असा एकसुरी आवाज सतत येतो. नवऱ्याला तो सहन होत नाही, तो बॅटरी घेऊन फिरतो. बाबांना त्याच आवाजाने झोप लागते. पावसाळी किडे मात्र एवढे येतात की जूनच्या पहिल्या पावसानंतर ती झोपडीपासून लांब टांगावी लागली.

घरात, खिडक्या लावून, ही पेटवायची वस्तू नाही. ती खोलीतली हवा खाते आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. राजेंद्र नगरच्या फ्लॅटमध्ये दिवे गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी हौसेने मागितली, मी नाही म्हटलं आणि मेणबत्त्या दिल्या. चालू बत्तीत, किंवा विझवल्या-विझवल्या, घासलेट भरायचं नाही. स्क्रू सोडून हवा जाऊ द्यायची, टाकीवर हात ठेवता आला पाहिजे, मगच झाकण उघडायचं. पेट्रोल तर चमचाभरही मिसळायचं नाही, या दाबाखाली ते बॉम्बसारखं आहे.

नुसता उजेड हवा असेल तर चार्जिंगचा दिवा घ्या, तो स्वस्तही पडतो आणि बटण दाबलं की लागतो. माझ्याकडे तोही आहे, चार्जिंग संपल्यावर सकाळपर्यंत थांबावं लागतं आणि गेल्या वर्षी त्याची बॅटरी गेली तेव्हा आख्खा दिवाच टाकावा लागला, उघडायला एक स्क्रू नव्हता. या बत्तीचा असा एकही भाग नाही जो मी हातात घेऊन, पुसून, बदलून परत बसवलेला नाही.

सध्या दाबाचा काटा थोडा अडकतो, बोटाने टिचकी मारली की पुढे सरकतो. त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून मी पंप मोजते. चाचांकडे जुना काटा आहे म्हणतात, रविवारी बघून येईन. वायसर दोन जास्तीचे घेऊन ठेवले आहेत, मेंटलं चार. अनंत चतुर्दशीला दादा म्हणतोय, झाँक्या बघायला जाताना घेऊन चल. नवं मेंटल मी तिथे उभं राहूनच बांधेन.