‘दमास्कस’ चाकूंच्या संचात झालेली फसवणूक

रोजच्या वापरासाठी आणि डोंगरभटकंतीसाठी चाकूंचा संच घेण्याचा विचार करणाऱ्यांनी हा अनुभव जरूर वाचावा, कारण ज्या जाहिरातीमुळे माझे 3,499 रुपये गेले, तशाच जाहिराती आजही मोबाइलवर सर्रास दिसतात.

आमचा नाशिकचा लहानसा गट अंजनेरी, हरिहर, साल्हेर अशा वाटांवर जात असतो. मुक्कामी भाजी चिरणे, दोर कापणे, तंबूसाठी खुंट्या तासणे यांसाठी दोन-तीन चांगली पाती असावीत, एवढीच गरज होती. जाहिरातीतील संचात मोठा ‘शिकारी’ चाकू, घडीचा चाकू, स्वयंपाकाची सुरी, पक्कड-पेचकस जोडलेले अवजार आणि धार लावण्याचा दगड होता. 67 थरांचे दमास्कस पोलाद, व्हीजी 10 या जपानी गंजरोधक पोलादाचा गाभा, कडकपणा 60 एचआरसी (म्हणजे रॉकवेल मापावर 60) आणि निर्यातीचा माल शिल्लक राहिल्यामुळे उतरलेला भाव, असे सगळे त्यात लिहिलेले होते. फोनवरचा माणूस आदबीने म्हणाला, “साहेब, वस्तू हातात आल्यावरच पैसे द्या, पसंत पडली नाही तर सात दिवसांत परत घेऊ.” हे वाक्य ऐकायला जितके निर्धोक वाटते तितके ते नाही, कारण पार्सल आणणारा मुलगा पैसे मिळाल्याशिवाय खोके उघडू देत नाही (त्यात त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नसतो), आणि पाठवणाऱ्याच्या जागी फक्त एका गोदामाचा पत्ता असतो.

खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव नव्हते, कमाल किरकोळ किंमत नव्हती आणि माल कोणत्या देशात बनला तेही नव्हते. आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या 2011 च्या वैधमापन नियमांनुसार हा तपशील वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे.

पात्यावरची नक्षी पाहताक्षणी मोहात पाडणारी होती, आणि शंका आली तीही तिच्यामुळेच. आज दमास्कस म्हणून विकले जाणारे पोलाद दोन वेगवेगळ्या पोलादांचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेले असते. ते आम्लात बुडवले की निकेल असलेला थर चकचकीत राहतो, दुसरा काळवंडतो, आणि त्यातून लाटा उमटतात. अर्थात या लाटा वरवरच्या नसतात, त्या पोलादाच्या अंगातच असतात आणि पात्याच्या पाठीवरही रेघांच्या रूपाने दिसतात. माझ्या चाकूची पाठ मात्र कोरी होती आणि दोन्ही बाजूंची नक्षी आरशातल्यासारखी तंतोतंत जुळत होती. बारीक पॉलिशपेपर घासताच ती नाहीशी झाली. खऱ्या दमास्कसवर घासून गेलेली नक्षी फेरिक क्लोराईड हे धातू खाणारे रसायन लावले की परत येते. इथे फक्त एकसारखा राखाडी डाग पडला, म्हणजे ती लेझरने कोरलेली होती.

नक्षी खोटी असली तरी पोलाद कामापुरते असेल, अशी आशा होती. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटचे काम करणाऱ्या एका परिचितांनी कडकपणा मोजणाऱ्या त्यांच्या रॉकवेल यंत्रावर पाती तपासून दिली. मोठा चाकू 44 वर थांबला आणि घडीचा 41 वर. चांगल्या स्वयंपाकाच्या सुऱ्या साधारण 56 च्या आसपास असतात आणि व्हीजी 10 ची पाती 60 च्या जवळ जातात. चाळिशीतल्या पात्याची धार भोपळा कापतानाही दुमडते. पोलादाचे नाव कितीही भारी असले तरी त्याला पाणी नीट दिलेले नसेल (म्हणजे तापवून, थंड करून कडक केलेले नसेल) तर ते पाते निरुपयोगी ठरते, आणि दिलेले पाणी फोटोत दिसत नाही. खरे तर या संपूर्ण व्यवहारात छायाचित्रात न दिसणाऱ्या गोष्टींचीच किंमत लावलेली होती.

मुठीतही तोच प्रकार. दिंडोरीजवळच्या एका मळ्यात छाटणीनंतरच्या द्राक्षाच्या काड्या तोडताना मोठ्या चाकूची मूठ निखळली. पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेले आहे, हा जाहिरातीतला दावा होता. प्रत्यक्षात मुठीत खिळ्याएवढी सळई डाग देऊन चिकटवलेली होती. घडीच्या चाकूचे कुलूप पात्याच्या पाठीवर लाकडी पट्टीने हलकेच थोपटताच सुटले. असे पाते काम करताना बोटांवर मिटते, म्हणून तो चाकू मी कोणाला दिलाही नाही.

याहून गंभीर बाब कायद्याची आहे. ‘परवाना लागत नाही’ असे छातीठोकपणे सांगून दिलेल्या त्या मोठ्या दुधारी चाकूचे पाते साडेनऊ इंच भरले. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गवारीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. दुधारी ‘शिकारी’ चाकू स्वयंपाकघरासाठी होता, असे नाकाबंदीवरच्या पोलिसांना पटवणे अवघड आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगता येत नाही, आणि सण-उत्सव किंवा निवडणुकांच्या काळात असे आदेश निघतात.

परतीसाठी फोन केल्यावर आधीचा क्रमांक बंद लागला आणि लगेच दुसऱ्या क्रमांकावरून ‘रिफंड विभागा’चा फोन आला. पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाकला की पैसे जमा होतील, असे त्याचे म्हणणे होते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे खात्यातून जातात. मी फोन ठेवला, परंतु पहिल्या फसवणुकीने चिडलेला माणूस या दुसऱ्या सापळ्यात सहज सापडू शकतो. कोणाचे पैसे असे गेले असतील तर त्यांनी विनाविलंब 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

चाकू संचाने घेऊच नयेत, असे माझे आता स्पष्ट मत आहे, कारण पाच नगांच्या गर्दीत एकाही नगाची नीट चौकशी होत नाही. खिशासाठी साडेआठ सेंटिमीटर पात्याचा ओपिनेल क्रमांक 8 हा घडीचा चाकू किंवा व्हिक्टोरिनॉक्सचा बहुउपयोगी चाकू, आणि मुक्कामासाठी सुमारे 10 सेंटिमीटरचे न मिटणारे पाते एवढ्यात आमची सगळी कामे भागतात. व्हिक्टोरिनॉक्सच्याही नकला मिळतात, तेव्हा पात्याच्या बुडाशी ठसा पाहावा आणि पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्यावा. स्थानिक लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेला चाकूही उत्तम चालतो. तो गंजतो, पुसून तेल लावावे लागते, पण निदान घडवणारा समोर असतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, मात्र विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि माझ्यापाशी एका गोदामाच्या पत्त्यापलीकडे काहीही नाही. म्हणून विक्रेत्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक मागणी नोंदवण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावेत, आणि ते देण्यास टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवावा.