शाळेच्या डब्यासाठी गुऱ्हाळावरचा रसायनविरहित गूळ: एक परीक्षण

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, दिवाळी पाडव्याला शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात आणि शहराबाहेर पडले की अर्ध्या तासात एखादे चालू गुऱ्हाळ गाठता येते. तरीही येथील मुलांच्या डब्यात पोळीसोबत जॅमच दिसतो, याचे मला वाईट वाटते. बाजारातील बऱ्याच लाल जॅमच्या बाटल्यांवर घटकांच्या यादीत १२२ किंवा १२४ हे आकडे आढळतात. ते कार्मोइसिन आणि पाँसो ४आर या कृत्रिम रंगांचे आहेत. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या २००७ मधील अभ्यासात असे काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांचे मिश्रण दिलेल्या मुलांमध्ये चंचलपणा वाढल्याचे दिसले होते. त्यानंतर युरोपीय संघाने २०१० पासून असे सहा रंग असलेल्या खाद्यपदार्थांवर मुलांच्या लक्ष देण्याच्या क्षमतेविषयीचा इशारा छापणे बंधनकारक केले. या जॅमच्या जागी काय द्यावे, याचा विचार करून आम्ही या हंगामात पन्हाळा रस्त्यावरील एका गुऱ्हाळातून रसायनविरहित गूळ, काकवी आणि गूळ पावडर अशा तिन्ही वस्तू घेतल्या. हे परीक्षण त्यांचे आहे.

प्रथम गुळाच्या रंगाविषयी, कारण ग्राहक फसतो तो तेथेच. दुकानात पुढे मांडलेला पिवळाधमक गूळ पुष्कळदा हायड्रॉस पावडर टाकून उजळ केलेला असतो. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. उकळत्या रसात ते पडले की सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि रसाचा रंग उतरतो. ही उजळी टिकाऊ नसते, साठवणुकीत असा गूळ पुन्हा काळवंडतो; सल्फाइटचा अंश मात्र गुळात राहू शकतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) ठेवली आहे, परंतु सुटा रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून विकणाऱ्याकडे ते प्रमाण कोण मोजून देणार? ज्या मुलांना दम्याचा त्रास आहे, त्यांच्यापैकी काहींना सल्फाइटमुळे छाती भरून येते, म्हणून अशा घरांनी हा मुद्दा विशेष गांभीर्याने घ्यावा.

मात्र काळा तो शुद्ध आणि पिवळा तो भेसळीचा, असे सरसकट समीकरण मांडणेही योग्य नाही. को ९२००५ सारख्या गुळासाठी चांगल्या मानल्या जाणाऱ्या जातीचा, वेळेवर तोडलेला ऊस असेल आणि उकळत्या रसावरची मळी नीट काढली असेल, तर हायड्रॉसशिवायही सोनेरी तांबूस गूळ निघतो. उलट चुलवाणाची आच चुकून करपलेला गूळसुद्धा काळाच दिसतो आणि कडवट लागतो. त्यामुळे रंगावर विसंबण्याऐवजी गुऱ्हाळावर उभे राहून प्रक्रिया पाहणे, हाच मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो. आम्ही गेलो तेव्हा भेंडीची झाडे ठेचून भिजवलेले चिकट पाणी काहिलीत, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईत, ओतले जात होते. त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. आम्लता कमी करण्यासाठी चुन्याची निवळी वापरली होती, ती परंपरेने चालत आलेली आहे. गूळ बनवणाऱ्या गुळव्याने आमच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर काम न थांबवता आणि न वैतागता दिले, याचा उल्लेख मुद्दाम करतो.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. गूळ गडद तांबूस, किंचित खारट चवीचा आणि हाताला मऊ लागणारा आहे. शेंगदाण्याच्या लाडवासाठी तो उत्कृष्ट आहे, कारण कूट आणि गूळ एकत्र कुटले की वेगळे तूप न घालताही लाडू वळतो आणि डब्यात दिवसभर चांगला राहतो. गूळपोळीतही तो उत्तम उतरतो. चिक्कीसाठी मात्र मी त्याची शिफारस करणार नाही. पाक कितीही पुढे नेला तरी चिक्की थोडी चिवट राहते आणि दुपारपर्यंत डब्याला चिकटते. गूळ वितळवून गाळल्यास तळाशी बारीक कचरा सापडतो, म्हणून लहान मुलांसाठी तो गाळूनच वापरावा. या गुळाची सर्वांत मोठी अडचण साठवणुकीची आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो पाझरू लागतो आणि उघडा राहिला तर बुरशी धरतो. घट्ट झाकणाच्या बरणीत, शक्य असल्यास फ्रिजमध्ये ठेवावा लागतो.

काकवी मुलांना मनापासून आवडली आणि पोळीला लावण्यासाठी जॅमची जागा तिने सहज घेतली, परंतु डब्यात ती सांडते. ती घरच्या न्याहारीलाच ठेवावी. पावडर सोयीची आहे, पण ढेपेचा वास तिला नाही.

वेष्टनाबाबत एक तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. शहरातील एका दुकानात तुलनेसाठी घेतलेल्या एक किलोच्या बॉक्सवर ठळक अक्षरांत ‘सेंद्रिय’ असे छापले होते, मात्र त्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि सेंद्रिय अन्नासाठीचे जैविक भारतचे चिन्ह यांपैकी काहीही नव्हते. आमच्या गुऱ्हाळवाल्यांनी मात्र ऊस रासायनिक खतांवर वाढवलेला आहे, केवळ गूळ बनवताना रसायन वापरत नाही, असे स्वतःहून स्पष्ट सांगितले. मला हा प्रामाणिकपणा त्या छापील दाव्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

किंमत दुकानातील साध्या गुळापेक्षा बरीच जास्त आहे, तरी डब्यात लागणारे प्रमाण पाहता ती परवडते, आणि ते प्रमाण थोडेच असावे. गूळ रसायनविरहित असला तरी बहुतांशी साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटना अशा साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी असे सांगते. आमच्या घरी डब्यात एक छोटा लाडू, तोही रोज नाही, असे ठरले आहे. ज्यांना हा गूळ घ्यायचा आहे, त्यांनी गुऱ्हाळे चालू असताना, म्हणजे दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, स्वतः जाऊन काहिलीजवळ उभे राहून घ्यावा, आणि पावसाळ्यापूर्वी संपेल एवढाच घ्यावा.