चैत्रांगणाच्या छाप्यांचा सेट: घ्यावा की नाही? (रविवार कारंजा, नाशिक)

पाडवा झाला की मेन रोड आणि रविवार कारंजाच्या बाजूला पूजा साहित्याच्या दुकानांत चैत्रांगणाचे, म्हणजे चैत्रात गौरीसाठी काढायच्या रांगोळीचे, छापे दिसायला लागतात. यंदा मी त्यातला मोठा सेट घेतला, 350 रुपयांना, आणि चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत वापरला. सविस्तर लिहितेय कारण बऱ्याच जणी नुसता फोटो बघून मागवतात आणि आत नेमकी कोणती चिन्हं आहेत, ती नीट काढलीयत का, हे कुणी सांगतच नाही.

सेटमध्ये दोन प्रकार आहेत. एक म्हणजे बारीक भोकांच्या जाळ्या, वरून रांगोळी टाकून हात फिरवला की ठिपक्याठिपक्यांचं चित्र उमटतं. दुसरं म्हणजे कापलेल्या पारदर्शक शीट, त्यातून भरीव आकार येतो. जाळ्या मस्त आहेत, प्लॅस्टिक जाड आहे, वाकत नाही, मधला गौरीचा झोपाळा तर इतका छान आलाय की शेजारच्या काकूंना तो हातानेच काढलाय असं वाटलं. साखळ्या, गादी, दोन्ही बाजूंच्या सख्या, सगळं आहे आणि रेषा बारीक आहे.

आता मुद्द्याचं. चैत्रांगण म्हणजे दारात काढलेली कुठलीही सुंदर रांगोळी नव्हे. गौर महिनाभर माहेरी आलीय, हा त्याचा गाभा. म्हणून मध्ये झोपाळा, म्हणून तिच्यासाठी फणी, आरसा, करंडा (कुंकवाची डबी), ओटीची परडी, म्हणून कैऱ्या लगडलेलं आंब्याचं झाड (घरात आंब्याची डाळ आणि पन्हं असतंच), बाजूला तुळशी वृंदावन, समई, हत्ती, नाग, कासव, गोपद्म (गाईच्या खुराचा ठसा), शंख-चक्र-गदा-पद्म. प्रत्येक चिन्ह कशासाठी तरी आलेलं आहे. आणि या सेटमध्ये फणी नाही, आरसा नाही, करंडाही नाही! त्याऐवजी फुलपाखरू आहे आणि एक ‘सुस्वागतम’ची पट्टी आहे. मला हे खरंच खटकलं. शंख-चक्रासारखी आयुधं ठेवली आणि माहेरवाशिणीच्या वस्तू काढून टाकल्या, म्हणजे गौर आली पण तिची वेणीफणी करायला कुणी नाही असं झालं. ज्याने सेट डिझाइन केला त्याने एकदा पंचवटीतल्या एखाद्या आजीला विचारलं असतं तरी भागलं असतं.

सूर्य आणि चंद्र मात्र एकदम बरोबर. सूर्याला नाक-डोळे, चंद्राची कोर, दोन्ही एकाच मापाचे, म्हणजे वर डावी-उजवीकडे काढले की जोडी शोभते. ही जोडी फक्त रांगोळीत नसते बरं का, गावोगावच्या वीरगळींवर (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर) वरच्या कप्प्यात हीच दोघं कोरलेली दिसतात, शिलाहार-यादवांच्या काळातल्या दानाच्या गद्धेगाळींवरही (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेल्या शिळांवरही) असतात, अर्थ एकच, चंद्र-सूर्य असेपर्यंत हे टिको. तिथे शौर्य आणि दान, इथे आपल्या अंगणात सौभाग्य. इतक्या शतकांनी बाई दारात बसून तेच दोन आकार काढते हे मला फार मोठं वाटतं, म्हणूनच छापा बनवणाऱ्याने आकाराशी खेळू नये असं माझं मत आहे.

आणि खेळ केलाय, गोपद्मात. गाईचा खूर दुभंगलेला असतो, दोन पाकळ्या शेजारी-शेजारी आणि मध्ये फट. चातुर्मासात रोज 33 गोपद्मं काढणाऱ्या बायकांना हा आकार डोळे मिटून येतो. सेटमध्ये दोन्ही पाकळ्या खाली जोडल्यात त्यामुळे चक्क बदाम तयार झालाय, लहान मुलं तर त्याला हार्टच म्हणतात. शीटमध्ये सुटा तुकडा गळून पडू नये म्हणून कुठेतरी जोड ठेवावा लागतो हे मला मान्य आहे, शंखाच्या वेटोळ्यातही तसे जोड आहेत आणि ते बोटाच्या चिमटीने रांगोळी सोडून बुजवता येतात. पण गोपद्माला जोड लागतच नाही, दोन सुटी भोकं कापायची, झालं.

कासवही तसंच. देवळाच्या मंडपात जमिनीवर कोरलेलं कासव आठवा. गीतेत इंद्रियं आवरलेल्या माणसाला अंग आत ओढून घेणाऱ्या कासवाची उपमा दिलीय, ते शांत असतं. इथलं कासव डोळा मिचकावतंय. वाढदिवसाला ठीक आहे, गौरीसमोर नको.

शीट वापरताना एक काळजी घ्याच. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, त्यामुळे उलटी पडली की स्वस्तिकाच्या भुजा उलट्या वळतात, ॐ सुद्धा उलटा उमटतो. मी सुलट बाजूला मार्करने खूण करून ठेवलीय, पॅकिंगमध्येच ती द्यायला हवी होती. स्वस्तिकाचे चार ठिपके आणि बाजूच्या दोन उभ्या रेघा शीटमध्ये नाहीत, त्या हाताने काढा. लक्ष्मीचं पाऊल एकच दिलंय, तिथे मात्र शीट उलटवूनच दुसरं पाऊल काढायचं, बोटं घराच्या आत वळलेली ठेवायची.

रांगोळी कुठली वापरता यावर पण बरंच आहे. जाडसर असेल तर जाळीत अडकते, चाळून घेतली की भरभर उतरते. आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये दाराबाहेर गुळगुळीत टाइल्स आहेत, त्यावर पांढरं उठत नाही, म्हणून मी एका पाटाला गेरू लावून त्यावर काढते. गेरूवर हे छापे इतके खुलतात की बस. कुंड्यांच्या ओलीजवळ जाळी ठेवू नका, भोकं बुजतात, मग टाचणीने साफ करत बसावं लागतं.

दुकानाबद्दल तक्रार नाही. दुकानदार दादांनी पाकीट उघडून एकेक छापा दाखवला, घाई केली नाही, आणि सुटे छापेही मिळतात हे स्वतःहून सांगितलं. गाडी लावायचा प्रश्न आहेच, रिक्षाने जा.

माझा सल्ला, मोठा सेट घेऊ नका. गौरीच्या झोपाळ्याची जाळी, सूर्य-चंद्र, हत्ती, तुळशी वृंदावन आणि आंब्याचं झाड एवढं सुटं घ्या, दीडेकशे रुपयांत होतं. गोपद्म, फणी, आरसा, करंडा हाताने काढा, अवघड काहीच नाही, करंडा म्हणजे एक अर्धगोल आणि वर झाकण. ज्यांना अजिबात काढता येत नाही त्यांनीही छाप्यापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, आमच्या बिल्डिंगमधल्या दोन नवीन सुनांनी यंदा याच जाळ्या माझ्याकडून नेऊन पहिल्यांदा चैत्रांगण काढलं. पाच पैकी साडेतीन स्टार, गोपद्म सुधारलं आणि करंडा-फणी-आरसा सेटमध्ये घातले तर पाच देईन.