सहा पॅनल, एकच सिरियल नंबर

आमच्या गच्चीवर सहा सोलर पॅनल आहेत आणि सहाही बंद आहेत. माझ्या निवृत्तीच्या पैशातले १ लाख १७ हजार रुपये त्यात गेले. लाजेपोटी चार महिने कुणाला सांगितलं नाही. पण परवा आमच्याच गल्लीत एका ओट्यावर तसाच एक माणूस तशीच फाइल उघडून बसलेला दिसला, आणि आता गप्प बसणं बरं नाही असं वाटलं.

आमच्याकडे आलेला मुलगा गोड बोलणारा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "काकू, पीएम सूर्यघर योजनेतून आलोय. ३ किलोवॅटचे १ लाख ९५ हजार होतात. त्यातून ७८ हजार सबसिडी वजा. तुम्ही राहिलेले तेवढे द्या, सबसिडीचं आमचं आम्ही बघतो." ७८ हजार हा आकडा खरा आहे. पहिल्या दोन किलोवॅटना ३० हजारांप्रमाणे ६०, तिसऱ्याला १८. आकडा खरा, म्हणून माणूसही मला खरा वाटला. पण ही सबसिडी पॅनल बसून, महावितरणची तपासणी होऊन, नेट मीटर (बाहेर गेलेली वीज आपल्या वापरातून वजा करणारं मीटर) लागल्यावर ग्राहकाच्याच बँक खात्यात येते. ती आधीच वजा करून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पैसे कंपनीच्या खात्यावर न घेता त्याने एका व्यक्तीच्या नावावर फोनवरून घेतले. पक्कं बिल मागितलं तर शिक्का मारलेलं कोटेशन हातात दिलं. त्यात लिहिलं होतं, '५४० वॅट, ६ नग, डीसीआर'. डीसीआर म्हणजे सेलपासून (पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्या) पॅनलपर्यंत सगळं भारतात बनलेलं. सबसिडीसाठी तसंच पॅनल लागतं.

एका दुपारीत फिटिंग झालं. मी मुलांना चहा केला, पोहे केले. पॅनल वर नेताना काचेची बाजू माझ्याकडे होती. पाठीमागे काय चिकटवलंय, ते बघायचं मला सुचलंही नाही. "नेट मीटर महिन्याभरात येईल, तोवर चालू राहू द्या," म्हणाला.

पुढच्या महिन्यात दोन हजारांचं बिल साडेतीन हजारांवर गेलं.

माझा भाचा वायरमन आहे. त्याने बिल बघितलं आणि आधी सोलरचा मेन स्विच पाडला. "मावशी, हे साधं मीटर आहे. दुपारी तुमची जास्तीची वीज बाहेर जाते, तीही ते तुमच्याच वापरात धरतंय. नेट मीटरशिवाय हे चालवायचंच नसतं." मग टेप घेऊन तो गच्चीवर गेला. पॅनलची लांबी भरली साडेसहा फूट. ५४० वॅटचं पॅनल साडेसात फुटांच्या आसपास असतं. शिवाय त्यात अर्ध्या कापलेल्या १४४ सेल असतात, रंग काळसर. आमच्या पॅनलमध्ये मोजून ७२ अख्ख्या सेल, निळ्या.

स्ट्रक्चर इतकं बुटकं की भाचा पाठीवर झोपून खाली सरकला. मोबाईलच्या उजेडात त्याने नख लावलं तर उन्हाने सुटलेल्या स्टिकरचा कोपरा वर आला. खाली दुसरं स्टिकर, ३३५ वॅट. सहा गुणिले ५४०, म्हणजे ३२४० वॅटच्या जागी आम्हाला २०१० वॅट मिळाले होते, तेही कुणाच्या तरी छपरावरून उतरवलेले. "मावशी, सिरियल नंबर वाचतो, लिहून घ्या." पहिला लिहिला. दुसरा तोच, तिसराही तोच. सहाही पॅनलच्या वरच्या स्टिकरवर एकच नंबर छापलेला. खऱ्या पॅनलचा नंबर दुसऱ्या कुठल्याच पॅनलला नसतो.

योजनेच्या पोर्टलवर आमच्या ग्राहक क्रमांकाने अर्जच झालेला नव्हता. जो नोंदणी क्रमांक त्याने दिला होता, तो तिथे कुठेच निघाला नाही. फोन आधी उचलत होता, मग बंद.

घरी सोलर घ्यायचं असेल तर जरूर घ्या, योजना चांगली आहे. फक्त अर्ज स्वतःच्या मोबाईलवरून करा आणि ओटीपी कुणाला सांगू नका. पोर्टलवर आपल्या जिल्ह्यातल्या नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी असते, त्यात त्याचं नाव स्वतः शोधा. पैसे फर्मच्या खात्यावरच द्या, आणि बिलावर पॅनलची कंपनी, मॉडेल, वॅट लिहून घ्या. टेम्पो दारात आला की पॅनल जिन्यावर चढण्याआधी प्रत्येकाची पाठ बघा, फोटो काढा, नंबर बिलाशी ताडून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. एकदा नट आवळले की ती बाजू दिसत नाही.

मी पोलिसांत तक्रार दिली आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही. अर्जाला जोडलेल्या कागदावर मी सात नंबर लिहिलेत: वरच्या स्टिकरवरचा एक, आणि खाली निघालेले सहा.