‘हिरमुसला’ला इंग्रजीत काय म्हणायचं? कुठला कोश उघडाल?

गोष्टीतलं वाक्य साधं होतं: ‘बाबांनी नको म्हटलं आणि बंड्या हिरमुसला.’ भाषांतरात ‘सॅड’ लिहून पुढे गेले असते तर कुणी अडवलं नसतं. पण हिरमुसलेलं पोर नुसतं दुःखी नसतं. क्षणापूर्वी ते उड्या मारत असतं आणि चारचौघांत त्याचा चेहरा उतरतो. एवढं सगळं एका शब्दात हवं, तर कुठे शोधायचं?

हातात फक्त मराठी शब्द असेल तर मोल्सवर्थ. १८३१चा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची सुधारित दुसरी आवृत्ती. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट. शोधताना जुनं शुद्धलेखन ध्यानात ठेवा, क्रियापदाच्या शेवटी ‘णें’वर अनुस्वार असतो. छटा समजून घ्यायला उत्तम, पण त्यातलं इंग्रजी जसंच्या तसं उचललंत तर बंड्या पगडी घालून बोलायला लागेल.

जवळपासचा इंग्रजी शब्द आठवत असेल तर रॉजेटचा थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश (१८५२). रॉजेट पेशाने डॉक्टर. त्याने शब्द अकारविल्हे न लावता अर्थाच्या कप्प्यांत बसवले, त्यामुळे ‘डिसअपॉइंटेड’वरून आळीभर फिरता येतं. मात्र एका आळीत राहतात म्हणून स्वभाव सारखे नसतात. ‘डिजेक्टेड’ म्हणजे खिन्न. त्यात मघाचा उत्साह दिसत नाही. ‘शीपिश’ म्हणजे ओशाळलेला, त्यात थोडी चूक आपलीही असते. आणि ‘क्रेस्टफॉलन’ म्हणजे शब्दशः तुरा पडलेला, झुंजीत हरलेल्या कोंबड्यासारखा. मघाशी डौल, आता मान खाली. हाच आपला बंड्या!

काहीच आठवत नसेल तर वनलूक या संकेतस्थळावरचा उलटा शब्दकोश. तिथे अर्थ लिहायचा, शब्द तो सुचवतो. वर्णनातला एक शब्द बदलला तरी यादी बदलते, म्हणून दोन-तीनदा वेगवेगळं लिहून बघा. रोजच्या कामात मी आधी हाच उघडते.

चॅटजीपीटीसारख्याला विचारायचं तर एक शब्द मागू नका, चार मागा आणि त्यांतला फरक विचारा. बरोबर असो वा चूक, तो सांगतो सारख्याच ठामपणे. म्हणून निवडलेला शब्द शेवटी लर्नर्स डिक्शनरीतल्या, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशातल्या, उदाहरणांत वाचून घ्यायचाच. ‘क्रेस्टफॉलन’ तसा पुस्तकी आहे हे तिथेच कळतं. निवेदनात तो शोभतो, पण बंड्याची आई बोलताना तो वापरणार नाही. तिच्या तोंडी ‘हिज फेस फेल’ बरं, मग एका शब्दाचा हट्ट सोडावा लागला तरी चालेल.

‘रुसणे’ मात्र यांतल्या कुणालाच पेललं नाही. ‘सल्क’ सगळीकडे मिळतो, पण कुणीतरी येऊन समजूत काढावी म्हणून रुसणारा दाराकडे कान लावून बसलेला असतो, ते त्यात येत नाही. तिथे मी सरळ दोन वाक्यं लिहिते.